आजार सरला, शंका उरली

घरातला कर्ता तरुण अचानक जातो. वय चाळिशीच्या आतले, कसलेही व्यसन नाही, आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे फिरून आलेला. सांत्वनासाठी जमलेल्या मंडळींना काही वेळ शब्द सुचत नाहीत. मग कोणीतरी हलक्या आवाजात विचारते, “दोन्ही डोस झाले होते ना?” या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, विचारणाऱ्याच्या मनात ते आधीच ठरलेले असते. बसलेल्यांपैकी बहुतेकांनीही तेच दोन डोस घेतलेले असतात. त्यामुळे प्रश्न एका मृतापुरता राहत नाही. तो तेथे बसलेल्या प्रत्येकाबरोबर त्याच्या घरी जातो. कोविडची लाट ओसरून काही वर्षे लोटली. मुखपट्टी सुटली, विलगीकरणाचे फलक उतरले. परंतु ही शंका मात्र समाजाच्या मनात घर करून बसली आहे.

या शंकेला आज दोन प्रकारची उत्तरे मिळतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिले उत्तर अफवेचे. प्रत्येक आकस्मिक मृत्यू, प्रत्येक सांधेदुखी, प्रत्येक गळणारा केस लसीच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचे. दुसरे उत्तर उपहासाचे. शंका घेणारा अडाणी आहे, विज्ञानद्रोही आहे, असे म्हणून त्याला गप्प करायचे. पहिल्याने भय वाढते, दुसऱ्याने अविश्वास वाढतो. आणि या दोन्हींच्या गदारोळात ज्याला खरोखरच काही होते आहे, तो रुग्ण एकटा पडतो. ज्या समाजाने महामारीच्या काळात एकमेकांसाठी प्राण पणाला लावले, त्या समाजाला ही स्थिती शोभणारी नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे, तथ्यांच्या आधारे विचार करणे आवश्यक आहे.

आजार गेला तरी त्याची सावली मागे राहते, हे सत्य आपल्या परंपरेला नवे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वरप्रकरणात ज्वर उतरलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र उपदेश आहे. पूर्वीचे बळ परत येईपर्यंत त्याने व्यायाम करू नये, फार चालू नये, शरीराला शिणवणारे काही करू नये. अन्यथा ज्वर उलटतो, असे आचार्य बजावतात. आपल्या घरांतही ‘दुखण्यातून उठलेला माणूस’ हा एक वेगळाच मानला जात असे. त्याला पेज, मऊ भात, विश्रांती आणि घरच्यांची समजूत मिळत असे. देवीच्या साथीतून वाचलेल्यांच्या चेहऱ्यावरचे व्रण आणि काहींचे गेलेले डोळे मागच्या पिढ्यांनी पाहिले आहेत. पोलिओचा ताप चार दिवसांत उतरे, पण पाय आयुष्यभरासाठी लुळा होई.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर २००६ सालची चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्राच्या आणि दक्षिणेच्या खेड्यापाड्यांतील लोक विसरलेले नाहीत. त्या एका वर्षात देशभर सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप आठवड्याभरात गेला. परंतु कित्येक शेतकऱ्यांना आणि शेतमजूर स्त्रियांना पुढे महिनोन्महिने सकाळी उठून मूठ वळवता येत नव्हती. गोवर हा आपण किरकोळ समजतो. तो होऊन गेल्यावर मुलाची अन्य रोगांशी लढण्याची जमवलेली शक्तीच काही काळ क्षीण होते. आणि क्वचित प्रसंगी तो विषाणू मेंदूत दडून राहतो व अनेक वर्षांनी प्राणघातक रूपात प्रकट होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गुइलेन बॅरे’ या व्याधीचे रुग्ण आढळू लागले आणि पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. आधी जुलाबासारखा साधा आजार, मग काही दिवसांनी हातापायांतली शक्ती जाणे, असा तिचा क्रम होता. दूषित पाणी आणि त्यातून पोटात गेलेले जंतू यांच्याकडे तपासाचा रोख गेला. जंतूंशी लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते, हे या व्याधीचे मर्म आहे. संसर्ग संपल्यानंतरही त्याचे परिणाम का उमटतात, याचा हा पुण्यातलाच धडा होता.

कोविडने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. थकवा, धाप, स्मरणाचा व एकाग्रतेचा गोंधळ ही त्यातली प्रमुख. त्याच महिन्यात आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही कोविडोत्तर विकारांच्या उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोविडमधून बऱ्या झालेल्या २०७ रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ४४ टक्के रुग्णांत श्वासातला प्राणवायू रक्तात मिसळण्याची क्षमता उणावलेली आढळली. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळ्या बुरशीचे तांडव पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांच्या संगतीने आलेल्या त्या रोगात कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला. ही माणसे आजही आपल्यात आहेत. कोविडच्या अंतिम आकडेवारीत ती ‘बरी झालेली’ म्हणून मोजली गेली आहेत.

आणि आकडेवारीत मुळीच न आलेला एक मोठा वर्ग आहे. घरातली गृहिणी, जिला पूर्वी सहज उरकणारा स्वयंपाक आता अर्ध्यात सोडून बसावे लागते. हिशेबात कधी न चुकणारा, पण आता तीच बेरीज तीनदा करणारा कारकून. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबणारा पन्नाशीचा शिक्षक. रक्ताचे अहवाल ठीक येतात, डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात आणि घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात. आजाराने घेतलेले बळ आणि आप्तांनी घेतलेला संशय, असा दुहेरी भार ही माणसे वाहतात. त्यांच्यापैकी कोणी कंटाळून अफवेच्या आश्रयाला गेले, तर दोष केवळ त्यांचा आहे काय?

आता लसीविषयी. येथे पूर्ण सत्य सांगण्याचे धैर्य हवे. लसीचे दुष्परिणाम असतात. बहुतांश सौम्य असतात. अत्यल्प गंभीर असतात. आणि अगदी क्वचित जीवघेणेही ठरतात. ही कबुली देणे म्हणजे लसीला विरोध करणे नव्हे. लस घेतल्यानंतर तीव्र अ‍ॅलर्जीने दगावलेल्या ६८ वर्षांच्या एका व्यक्तीचा मृत्यू लसीशी निगडित आहे, असे केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये स्पष्टपणे नोंदविले. रक्तात गुठळ्या होण्याच्या विकाराबाबतही तसेच. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्ये तो अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला. १७ मे २०२१ रोजी आपल्या समितीने तपासलेल्या ४९८ गंभीर तक्रारींपैकी २६ प्रकरणांत अशा गुठळ्यांची शक्यता असल्याचे जाहीर झाले. हे प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ इतके होते. लसीनंतरच्या वीस दिवसांत धाप, छातीत वेदना, पायावर सूज, तीव्र डोकेदुखी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, अशी सूचनाही तेव्हाच काढण्यात आली होती.

म्हणूनच २०२४ साली ब्रिटनमधील न्यायालयात मूळ उत्पादक कंपनीने हा दुष्परिणाम होऊ शकतो असे मान्य केल्याची वार्ता आली, तेव्हा तिचे ‘दडवलेले गुपित फुटले’ असे जे चित्र रंगविले गेले, ते वस्तुस्थितीला धरून नव्हते. गुपित नव्हते, तीन वर्षांपूर्वीच ते प्रसिद्ध झाले होते. मात्र येथे एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. ती सूचना लसीकरण केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत मराठीत, समजेल अशा शब्दांत पोहोचली होती काय? अनेक ठिकाणी पोहोचली नव्हती. कागदावर सत्य सांगितले गेले आणि कानांपर्यंत गेले नाही. ही जी पोकळी राहिली, तिच्यातच तीन वर्षांनी अफवेचे पीक आले.

आणखी दोन गोष्टी सुशिक्षित कुटुंबांनीही ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, गुठळ्यांचा हा विकार लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवणारा आहे. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसामुळे आज अकस्मात गुठळी होईल, अशी भीती बाळगण्यास आधार नाही. दुसरी अशी की, परदेशातून येणाऱ्या चित्रफितींत ज्या हृदयस्नायूंच्या दाहाची चर्चा असते, तो प्रामुख्याने एमआरएनए पद्धतीच्या लसींनंतर, विशेषतः तरुण मुलांत, आढळला. आपल्या देशात दिले गेलेले बहुसंख्य डोस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोविशिल्डचे आणि त्याखालोखाल पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूवर आधारलेल्या कोव्हॅक्सिनचे होते. या दोन्ही लसी त्या पद्धतीच्या नाहीत. अमेरिकेतल्या चर्चेचे ओझे आपण आपल्या छातीवर वाहण्याचे कारण नाही.

मग तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचे काय? या प्रश्नावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने अभ्यास केला. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात वरकरणी निरोगी असलेल्या, १८ ते ४५ वयोगटातील ज्या व्यक्ती अकस्मात मरण पावल्या, अशा ७२९ जणांची तुलना त्याच परिसरातील, त्याच वयाच्या २,९१६ जणांशी करण्यात आली. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढविणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात पूर्वी असा मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिरेकी शारीरिक श्रम, आणि नशेच्या पदार्थांचे सेवन. गुजरातेत गरब्याच्या दिवसांत झालेल्या मृत्यूंनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी तीव्र कोविड होऊन गेलेल्यांनी एक-दोन वर्षे अतिश्रम टाळावेत असे आवाहन केले, ते याच अभ्यासाच्या आधारे. चरकाचार्यांचा ज्वरमुक्तासाठीचा उपदेश आणि आधुनिक अभ्यासाचा निष्कर्ष येथे एकमेकांच्या किती जवळ येतात, हे पाहण्यासारखे आहे. अफवा लसीकडे बोट दाखविते; अभ्यास सांगतो की ज्या रोगापासून लस वाचविते, त्या रोगाकडे आणि आपल्या राहणीकडे पाहा.

तथापि तथ्यांपेक्षा राजकारण वेगाने धावते. जानेवारी २०२१ मध्ये समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव यांनी ‘भाजपची लस’ आपण घेणार नाही असे जाहीर केले, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांच्या परिश्रमांना एका पक्षाचे लेबल लावले गेले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा संबंध घाईने मंजूर केलेल्या लसीशी असू शकतो, असे तेथील तत्कालीन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सुचविले. त्यांच्याच सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीला असा संबंध आढळला नाही. पण तोपर्यंत बंगळुरू-म्हैसूरच्या हृदयरोग रुग्णालयांपुढे घाबरलेल्या लोकांच्या रांगा लागल्या होत्या. बोलणारा बोलून गेला. भय मात्र ज्याचे त्याला भोगावे लागले.

हे झाले विरोधकांचे. आपल्या अंगणातही डोकावले पाहिजे. लस नको, अमुक काढा पुरे, असे संदेश कोणाकोणाच्या भ्रमणध्वनीवरून पुढे गेले? ‘विदेशी कंपन्यांचे कारस्थान’ या शीर्षकाखाली स्वदेशी लसींविषयीही भय कोणी पसरविले? त्यांत भारतमातेचा जयजयकार करणारी मंडळीही होती, हे मान्य करावे लागेल. आयुर्वेदाचा अभिमान जरूर हवा. पण जो आयुर्वेद प्रत्यक्ष आणि अनुमान यांना प्रमाण मानतो, त्याचे नाव घेऊन प्रमाणाविना बोलणे हा आयुर्वेदाचाच अवमान आहे. दुसऱ्या टोकाला, लसीविषयी कोणी साधा प्रश्न केला की त्याच्या देशनिष्ठेवरच शंका घेणारेही आपल्यात निघाले. राष्ट्राने मिळविलेल्या यशाचा अभिमान वेगळा आणि राष्ट्रातल्या एखाद्या दुखावलेल्या माणसाची तक्रार ऐकून घेणे वेगळे. या दोहोंत विरोध मानणे हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी आरंभ करून २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ पर्यंत दोनशे कोटी डोस देणाऱ्या देशाला काही शेकडा तक्रारींची उघड चौकशी करण्याची भीती वाटण्याचे कारण काय?

चौकशीही काटेकोर हवी. मे २०२४ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांचा कोव्हॅक्सिनविषयीचा एक शोधनिबंध गाजला. ९२६ जणांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी लसीनंतरच्या वर्षभरात काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले होते. परंतु लस न घेतलेल्यांशी तुलनाच केलेली नव्हती. वर्षभरात सर्दी-खोकला कोणाला होत नाही? आयुर्विज्ञान परिषदेने आक्षेप घेतला आणि पुढे तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला. ‘नंतर झाले म्हणजे त्यामुळे झाले’ ही तर्कातील चूक शास्त्रज्ञांकडूनही होऊ शकते, मग सामान्यांचे काय सांगावे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. फांदी खरोखर कशाने मोडली, हे पाहण्यासाठी झाडावर चढावेच लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची मुळे खोल गेलेली आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोऱ्या शिपायांनी घरांत घुसून देवघरे विटाळली आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा केली. लोकांचा संताप औषधावर नव्हता. तो औषधाच्या नावाखाली चाललेल्या जुलमावर होता. लोकमान्य टिळकांनी त्याच काळात पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारले, आणि सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या, हे विसरता येत नाही. जेथे आपुलकीने उपचार झाला, तेथे लोक आले. जेथे दंडुका आला, तेथे लोक लपले.

पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एका बाटलीत दोष शिरला होता. इंग्रज सरकारने हाफकिन यांच्यावर ठपका ठेवून त्यांना दूर केले. खरा दोष प्रयोगशाळेतला नसून ती बाटली जेथे उघडली तेथल्या हाताळणीतला होता, हे सिद्ध होऊन त्यांच्यावरील कलंक पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. या एका प्रकरणात दोन्ही धडे आहेत. दुर्घटना खरी होती. ती नाकारून चालले नसते. आणि दुर्घटनेवरून सरसकट काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. तो स्वीकारूनही चालले नसते. पाच वर्षे सत्य रेंगाळले, त्याची किंमत लसीवरील विश्वासाने मोजली.

स्वतंत्र भारतातही असा प्रसंग घडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लसीचा एक प्रकल्प एका परदेशी संस्थेने २००९ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत राबविला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लसीशी जोडता आला नाही. परंतु दुसरीच गोष्ट उजेडात आली: जनजातीय मुलींच्या वसतिगृहांत पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या घेऊन लस टोचली गेली होती. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस उपयुक्त होती. पद्धत अन्यायाची होती. परिणामी एका चांगल्या लसीभोवती दीर्घकाळ संशयाचे धुके राहिले. आता सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस उपलब्ध आहे, ही समाधानाची बाब आहे. पण त्या वसतिगृहांतल्या मुलींच्या वतीने तेव्हा जी संमती गृहीत धरली गेली, तशी ती पुन्हा कधीही गृहीत धरली जाऊ नये.

या अनुभवांच्या प्रकाशात शासनाकडून काही स्पष्ट अपेक्षा आहेत. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीसाठी कोणावर सक्ती करता येणार नाही, असे सांगतानाच दुष्परिणामांच्या तक्रारी सामान्य नागरिकांना आणि खासगी डॉक्टरांनाही नोंदविता याव्यात, त्यांची माहिती लोकांना पाहता यावी, असे निर्देश दिले होते. ही व्यवस्था जिल्ह्याच्या शेवटच्या आरोग्य केंद्रापर्यंत, मराठीतून, जिवंत असावयास हवी. ज्या घरातला माणूस लसीनंतर गेला, त्या घराला तपासाचा निष्कर्ष लेखी मिळावा; संबंध नसेल तर का नाही हेही समजावून सांगावे. आणि जेथे संबंध सिद्ध होतो, तेथे नुकसानभरपाईसाठी कुटुंबाला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला लावू नये. ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली अशा भरपाईचे कायदे केले. त्यामुळे तेथील लसीकरण बुडाले नाही. समाजाच्या रक्षणासाठी ज्याने दंड पुढे केला आणि दैवयोगाने ज्याला आघात सोसावा लागला, त्याचे ऋण समाजाने फेडावयाचे असते. सीमेवरच्या जवानाबाबत आपण हे तत्त्व मानतो. येथेही ते मानले पाहिजे.

कोविडोत्तर विकारांसाठी सुरू झालेले विशेष बाह्यरुग्ण विभाग अनेक ठिकाणी लाट ओसरताच बंद पडले. ज्यांची धाप आणि थकवा अजून गेलेला नाही, त्यांनी कोठे जावे? जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी या रुग्णांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

परंतु सर्व काही शासनाने करावे, ही आपली विचारसरणी कधीच नव्हती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्वयंसेवकांनी प्राणवायूची नळकांडी वाहिली, विलगीकरण केंद्रे चालविली, ज्यांना खांदा द्यायला रक्ताचे कोणी पुढे आले नाही अशांना अग्नी दिला. ते सेवाकार्य संपलेले नाही. त्याचे स्वरूप बदलले आहे. ज्या घरी आपण तेव्हा डबा पोहोचविला, त्या घरी आज पुन्हा जावे. बरे झालेला तो माणूस खरोखर बरा आहे काय, हे विचारावे. त्याचे म्हणणे न तोडता ऐकावे. ‘मनाचे आहे’ हा शेरा मारू नये. त्याला तपासणीला न्यावे, रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून घ्यावा. कारण आपल्या देशात हृदयविकार तुलनेने लहान वयात गाठतो आणि पुष्कळांना आपला रक्तदाब ठाऊकच नसतो. लसीबाबत शंका असेल, तर तिची नोंद जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करण्यास साहाय्य करावे. आणि भ्रमणध्वनीवर आलेला भीतिदायक संदेश पुढे पाठविण्यापूर्वी ओळखीच्या एका डॉक्टरला तरी विचारावे.

हे सारे का करावयाचे, याचे उत्तर लहान मुलांकडे आहे. मोठ्यांच्या मनातले धुके मुलांच्या लसीकरण-पत्रिकेवर उतरते. महामारीच्या काळात चुकलेले डोस आणि मागाहून वाढलेली चालढकल यांचा परिणाम मुंबईने २०२२ च्या अखेरीस पाहिला. गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्त्यांत गोवर पसरला आणि कोवळे जीव गेले. ज्या रोगाची लस कित्येक दशके उपलब्ध आहे, त्या रोगाने महानगरात मुले दगावावीत, याहून मोठी नामुष्की कोणती? याच देशाने घराघरांत दोन थेंब पोहोचवून पोलिओला हद्दपार केले. १३ जानेवारी २०११ नंतर येथे नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. तो विजय आदेशाने मिळाला नाही. दारोदार जाऊन, नाकारणाऱ्या घराची कडी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाजवून, आईच्या प्रश्नाला उत्तर देऊन तो मिळविला गेला.

सांत्वनाच्या त्या बैठकीतला प्रश्न उद्याही विचारला जाईल. तेथे बसलेल्या कार्यकर्त्याने तो टाळू नये आणि विचारणाऱ्याला हिणवूही नये. “झाले होते दोन्ही डोस. पण याच्या वडिलांनाही लवकर हृदयविकार झाला होता ना? मग धाकट्या भावाची तपासणी आपण या आठवड्यात करून घेऊ,” एवढे तो म्हणाला, तरी त्या घरातला एक जीव कदाचित वाचेल. त्या धाकट्या भावाला रुग्णालयात घेऊन जाण्याचे काम मात्र आपल्यालाच करावयाचे आहे.